भिंतीवर आणि काचेवर व्हिनाईलची अक्षरं: भिंत तपासण्यापासून गम पुसण्यापर्यंत

व्हिनाईलची, म्हणजे मागे गम असलेल्या पातळ प्लॅस्टिकची, अक्षरं चिकटवायला फार वेळ लागत नाही. ती टिकणार की आठवड्याभरात कोपरे सोडून लोंबायला लागणार, हे मात्र त्याआधीच ठरलेलं असतं. भिंतीला कोणता रंग आहे, तो कधी दिला, व्हिनाईल कोणत्या गमाचं घेतलं, अक्षराची रेघ किती बारीक ठेवली, यावर सगळं अवलंबून. म्हणून या लेखात चिकटवण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे. ज्यांच्याकडे कटिंग प्लॉटर (व्हिनाईल कापणारं यंत्र) नाही आणि जे कापलेली तयार अक्षरं मागवतात, त्यांनी कापण्याचा आणि विडिंगचा (नको असलेलं व्हिनाईल सोलण्याचा) भाग वरवर वाचला तरी चालेल. भिंतीचा भाग मात्र सोडू नये.

आधी भिंत

व्हिनाईलच्या मागचा गम दाबानं धरतो. तो पाण्यानं ओला होऊन किंवा उष्णतेनं वितळून चिकटत नाही. दाबल्यावर पृष्ठभागाच्या बारीक खाचांमध्ये हळूहळू पसरतो आणि पकड घेतो. त्यामुळे गम आणि भिंत यांच्यात जे काही येईल (धूळ, तेलकटपणा, चुन्याची पूड, नव्या रंगातून निघणारी वाफ) ते पकड कमी करतं.

नवा रंग हाताला तासाभरात कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला त्याला तीन ते चार आठवडे लागतात. या काळात रंगातून पाणी आणि द्रावकाचा अंश बाहेर पडत राहतो. त्यावर व्हिनाईल लावलं तर ही वाफ खाली अडकते, बुडबुडे येतात आणि कडा सुटतात. रंग दिल्यापासून किमान तीन आठवडे थांबा. हवा दमट असेल तर एक महिना.

रंगाचा प्रकारही बघायला हवा. सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस इमल्शन आणि ऑइल पेंट यांवर व्हिनाईल चांगलं बसतं. अगदी मॅट रंगावर पकड कमी मिळते, कारण त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. सगळ्यात फसवे रंग म्हणजे डाग न धरणारे, पुसून स्वच्छ होणारे. त्यांत डाग चिकटू नयेत म्हणून खास घटक मिसळलेले असतात, आणि जे डागाला चिकटू देत नाही ते व्हिनाईललाही देत नाही. भिंत गुळगुळीत आणि स्वच्छ दिसते, काम करताना सगळं ठीक वाटतं, आणि दोन दिवसांनी अनुस्वार जमिनीवर सापडतात. चुना आणि डिस्टेंपर यांची अडचण वेगळी: गम भिंतीला न धरता वरच्या पुडीला धरतो आणि पुडीसकट सुटतो.

अंदाज बांधण्यापेक्षा तीन चाचण्या करा. पहिली, गडद रंगाचं कोरडं फडकं भिंतीवर घासा. त्यावर पांढरट पूड आली तर भिंत भुसभुशीत आहे. दुसरी, मास्किंग टेपचा हातभर लांबीचा तुकडा अंगठ्यानं दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर रंगाचा पापुद्रा आला तर पुढे व्हिनाईल काढताना भिंतीचंही तेच होणार. तिसरी आणि सर्वात भरवशाची: जे व्हिनाईल वापरणार त्याचाच ५ सेंमीचा एक तुकडा, ज्याला एक टोकदार कोपरा आहे असा, कपाटामागे किंवा दारामागे लावून तीन दिवस ठेवा. टोक उचललं नाही तर पुढे जा.

भिंत नापास झाली तर दोन वाटा आहेत. प्रायमर आणि साध्या सॅटिन इमल्शनचे दोन हात देऊन महिनाभर थांबणं ही एक. दुसरी सोपी आणि बऱ्याचदा दिसायलाही चांगली: अक्षरं ॲक्रिलिकच्या किंवा रंगवलेल्या लाकडी फळीवर लावा आणि फळी भिंतीवर टांगा. खरबरीत किंवा ओल धरणाऱ्या भिंतीसाठी ही वाट सोडून दुसरा उपाय शोधण्यात फारसा अर्थ नाही. ओल आलेल्या भिंतीवर पांढरे क्षार फुटत असतील तर कोणतंही व्हिनाईल तिथे राहत नाही.

भिंतीचा खडबडीतपणा समोरून कळत नाही. रात्री दिवा बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. रोलरचे दाणे, पुट्टीच्या लाटा, जुने खिळे बुजवलेल्या जागा सगळं सावलीत उठून दिसतं. रोलरचा बारीक दाणा असेल तर चालतं, पण रेघ जाड हवी. बारीक रेघेला दाण्यांच्या फक्त माथ्यांचा आधार मिळतो आणि तेवढा पुरत नाही.

व्हिनाईल कोणतं घ्यायचं

व्हिनाईल दोन पद्धतींनी बनतं. कॅलेंडर्ड प्रकारात गरम पीव्हीसी रुळांमधून दाबून पातळ करतात. ताणून बनवल्यामुळे त्यात आक्रसण्याची ओढ शिल्लक राहते. त्याची जाडी सहसा ६० ते १०० मायक्रॉन असते. कास्ट प्रकारात द्रवरूप मिश्रण सपाट पसरून वाळवतात. त्यात ताण नसतो, जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास असते, आणि ते वळणांवर बसतं व उन्हात कित्येक वर्षं टिकतं. घरातल्या सपाट भिंतीला कॅलेंडर्ड पुरेसं आहे. कास्ट गाडी, शिवण असलेला पत्रा किंवा गोलाई यांच्यासाठी राखून ठेवावं.

भिंतीच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा आहे गम. तो काढता येण्याजोगा हवा. ओराफोल या जर्मन कंपनीचं ओरॅकल ६३१ हे या कामाचं नेहमीचं नाव: मॅट, सुमारे ८० मायक्रॉन, पाण्यावर आधारित काढता येणारा गम. तिचंच ६५१ थोडं पातळ आणि कायमच्या गमाचं आहे. ते काच, टाइल, धातू, बाटली यांवर लावतात. ६५१ भिंतीवर लावलं तर ते उत्तम चिकटतं, आणि काढायच्या दिवशी रंगासकट येतं. इतर कंपन्यांचा माल घेताना नाव नसलं तरी हे दोनच प्रश्न विचारा: गम काढता येणारा की कायमचा, आणि पृष्ठ मॅट की चकचकीत. भिंतीवर मॅटच घ्या. चकचकीत व्हिनाईलवर खिडकीचा उजेड पडला की खालचा प्रत्येक दाणा दिसतो, आणि अक्षर चिकटवलेलं आहे हे लांबूनच कळतं. मॅट असेल तर ते रंगवलेल्यासारखं दिसतं.

रोल जुना नको. दोन वर्षांच्या आतला, उन्हात न ठेवलेला, उभा साठवलेला असावा. आडव्या ठेवलेल्या जड रोलवर चपट्या रेषा उमटतात, त्या चिकटवल्यावरही दिसतात.

अक्षरं कागदावरून उचलून भिंतीवर न्यायला ट्रान्सफर टेप लागते. तिची पकड व्हिनाईलला जुळणारी हवी: कागदावरून अक्षर उचलण्याइतकी जास्त, भिंतीवर ते सोडून देण्याइतकी कमी. मॅट, काढता येणाऱ्या व्हिनाईलला मध्यम पकडीची कागदी टेप चालते. पारदर्शक टेपमधून आखणी दिसते, म्हणून नवशिक्याला ती सोयीची. जास्त पकडीची टेप फक्त ग्लिटरच्या खरखरीत व्हिनाईलसाठी. तुमची टेप जरुरीपेक्षा घट्ट वाटली तर ती दोन-तीन वेळा स्वच्छ सुती कपड्यावर लावून काढा, पकड उतरते.

आकार आणि जागा

नजरेचं ढोबळ गणित असं: दर तीन मीटर अंतराला अडीच सेंमी अक्षर. म्हणजे खोलीच्या पलीकडच्या टोकाहून, सहा मीटरवरून वाचायचं असेल तर मूळ अक्षर किमान पाच सेंमी. हा नियम रोमन अक्षरांवरून आला आहे. देवनागरीत जोडाक्षरं आणि वरखालच्या खुणा असल्यामुळे त्यात पाव भाग वाढवलेला बरा.

देवनागरी ओळीची उंची मोजताना शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अंतर पुरत नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. मूळ अक्षर ८ सेंमी असेल तर एका ओळीला सगळं मिळून १४-१५ सेंमी जागा लागू शकते. फॉन्टप्रमाणे हे बदलतं, म्हणून प्रत्यक्ष मजकुरावर मोजा. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरत नाही ना, हे पडद्यावरच बघा.

मजकुराचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला तो सहज पडतो. सोफ्याच्या किंवा पलंगाच्या वर लावायचं असेल तर फर्निचरच्या माथ्यापासून १५ ते २५ सेंमी वर सुरुवात करा आणि मजकुराची रुंदी फर्निचरच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ठेवा. त्याहून वर गेलं की अक्षरं छताला टांगल्यासारखी वाटतात. कापण्याआधी मजकूर साध्या कागदावर खऱ्या मापात छापा, कागद जोडून भिंतीला मास्किंग टेपनं लावा आणि एक दिवस राहू द्या. दारातून, बसल्या जागेवरून, रात्रीच्या उजेडात बघा. बहुतेक वेळा आकार वाढवावासा वाटतो.

देवनागरी कापताना

इथे इंग्रजीतल्या सूचना कामाला येत नाहीत. देवनागरी फॉन्टमध्ये काना, वेलांटी, मात्रा हे वेगवेगळे आकार असतात आणि ते एकमेकांवर थोडे चढतात. पडद्यावर शब्द सलग दिसतो, पण प्लॉटर प्रत्येक आकाराची पूर्ण कड कापतो. मग शिरोरेषेवर दर अक्षराला उभे छेद पडतात आणि विडिंग करताना शब्दाचे तुकडे होतात. उपाय एकच: मजकुराचे पाथ (नुसत्या बाह्यरेषा) करून सगळे आकार एकत्र जोडणं. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, मग ‘अनग्रुप’, मग ‘युनियन’. नंतर फक्त बाह्यरेषा दाखवणारा व्ह्यू लावून प्रत्येक शब्द तपासा. शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ दिसता कामा नये.

प्लॉटरबरोबर येणाऱ्या काही सॉफ्टवेअरना देवनागरीची जोडणी कळत नाही. त्यांत थेट टाइप केलं तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. म्हणून मजकूर दुसरीकडे जुळवून, पाथ करून, एसव्हीजी फाइल म्हणून आणा. पाथ केल्यावर पुन्हा एकदा वाचा. ‘दुसऱ्या’मधला र, ‘श्री’, ‘द्ध’, ‘ह्म’, ‘त्र’ या जागा खास बघा. कापून झाल्यावर सापडलेली चूक म्हणजे वाया गेलेलं व्हिनाईल.

मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर फॉन्ट निवडतानाच बघा. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवल्यावर ही वळणं आपोआप येतात. तिरो देवनागरीची तर मराठीसाठी स्वतंत्र आवृत्तीच आहे. मात्र तिरोसारख्या फॉन्टमध्ये जाड-बारीक रेघांचा फरक मोठा असतो, ते मोठ्या आकारातच वापरावेत. लहान अक्षरांना मुक्ता, हिंद किंवा बालू असे एकसारख्या जाडीचे फॉन्ट सोपे जातात.

मापाच्या मर्यादा अशा धरा. भिंतीवर सगळ्यात बारीक रेघ ३ मिमीपेक्षा कमी नको, काचेवर दीड मिमी चालते. अनुस्वाराचा टिंब भिंतीवर किमान ५ मिमी व्यासाचा हवा. फॉन्टमधला लहान असेल तर तो तेवढा निवडून मोठा करा, कोणाच्या लक्षात येत नाही. टिंब लहान ठेवून तो नंतर शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

देवनागरीचा एक फायदा मात्र मोठा आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध पट्टी होतो, सुटी अक्षरं इकडेतिकडे सरकत नाहीत. आणि तीच शिरोरेषा आखणीलाही उपयोगी पडते, हे पुढे येईलच.

कापणं

कापायचं ते फक्त व्हिनाईल. खालच्या कागदावर पात्याची पुसट रेघ उमटावी, छेद पडू नये. नेहमीच्या ६० ते ८० मायक्रॉन व्हिनाईलला ४५ अंशांचं पातं आणि साधारण ८० ते १२० ग्रॅम दाब लागतो. पातं जुनं झालं की जास्त. ६० अंशांचं पातं जाड मालाला आणि बारीक नक्षीला.

प्रत्येक नव्या रोलवर आधी चाचणी: २ सेंमीचा चौकोन, त्यात एक वर्तुळ. दोन्ही नखानं उचलून बघा. व्हिनाईल न तुटता ताणलं गेलं तर दाब कमी आहे. कागदही कापला गेला तर जास्त. असा कागद पुढे विडिंगला फाटतो. चौकोनाचे कोपरे गोल आले किंवा वर्तुळाचं तोंड जुळलं नाही तर पात्याचा ऑफसेट (टोक मध्यापासून किती बाजूला आहे ते अंतर) तपासा, तो बहुतेक पात्यांना ०.२५ मिमीच्या आसपास असतो. टोकं उचलली जात असतील तर वेग निम्म्यावर आणा.

काचेच्या आतून लावून बाहेरून वाचायचं असेल तर मजकूर उलटा, आरशातल्यासारखा कापावा लागतो. हे विसरणं फार सोपं आहे.

यंत्र नसेल तर मोठी, सरळ रेघांची अक्षरं हातानंही कापता येतात. छापलेला कागद व्हिनाईलवर टेपनं पक्का करा, नव्या पात्याचा कटर आणि लोखंडी पट्टी घ्या, आणि आधी अक्षराच्या पोटातले भाग कापा, बाहेरची कड शेवटी. बाहेरची कड आधी कापली की पकडायला काही उरत नाही.

विडिंग

कापल्यावर नको असलेलं व्हिनाईल सोलून काढणं म्हणजे विडिंग. ते त्याच दिवशी करा. काही दिवस ठेवलं तर छेदातला गम परत एकमेकांना धरतो आणि अक्षरं बाजूच्या भागाबरोबर उचलली जातात.

मजकुराभोवती एक सेंमी सोडून चौकट कापलेली असावी, आणि मजकूर मोठा असेल तर दोन शब्दांच्या मधूनही एक उभी रेघ. मग एकेक शब्दाचा भाग वेगळा सोलता येतो. कोपरा उचला आणि व्हिनाईल वर न ओढता मागे, स्वतःवरच दुमडत, कागदाला जवळजवळ समांतर ओढा. कोन जेवढा चपटा तेवढी अक्षरं खाली राहतात. बाहेरचा भाग गेल्यावर पोटातले भाग: ब, व, क, भ, ष, ण यांच्या पोकळ्या आणि वेलांटीच्या आतली जागा, टोकदार चिमट्यानं किंवा टाचणीनं. सोललेला कचरा अक्षरावर पडला तर लगेच चिकटतो, म्हणून तो गोळा करत जा. खोली खूप गरम असेल तर व्हिनाईल मऊ होऊन ताणलं जातं. अशा वेळी कापलेला तुकडा पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तरी फरक पडतो.

टेप चढवणं

टेप मजकुरापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंमी मोठी कापा. मधोमध टेकवा आणि स्क्वीजीनं (दाबून घासायच्या सपाट पट्टीनं) मधून बाहेर दाबत जा. टेपवर सुरकुत्या आल्या तर त्या भिंतीवरही उमटतात, म्हणून घाई नको. मग सगळं उलटं करा आणि कागदाच्या बाजूनंही जोरात घासा.

आता बहुतेक जण टेप धरून वर ओढतात. त्याऐवजी मजकूर टेबलावर पालथा, टेप खाली आणि कागद वर अशा स्थितीत ठेवा आणि कागद मागे दुमडत सोला. टेप सपाट राहते, व्हिनाईल ताणलं जात नाही. एखादं टोक कागदाबरोबर येऊ लागलं की थांबा, कागद परत बसवा, तिथे नखानं घासा, पुन्हा सोला.

मागवलेली तयार अक्षरं कागद-व्हिनाईल-टेप अशी तीन थरांतच येतात, बहुधा नळीत गुंडाळून. ती उघडून जड पुस्तकांखाली एक दिवस सपाट ठेवा आणि लावण्याआधी टेपवरून पुन्हा एकदा स्क्वीजी फिरवा. प्रवासात पकड ढिली झालेली असते.

भिंतीवर लावणं

खोलीचं तापमान १५ ते २५ अंश सेल्सिअस असलं की काम सर्वात सोपं. १० अंशांखाली गम कडक राहतो. फार उकाड्यात तो लगेच धरतो आणि व्हिनाईल ताणलं जातं, चूक सुधारायला वेळ मिळत नाही. भिंत एक थेंब सौम्य साबण घातलेल्या ओलसर कपड्यानं पुसा, मग साध्या पाण्याच्या कपड्यानं, आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. भिंतीच्या इमल्शनवर स्पिरिट किंवा अल्कोहोल वापरू नका, रंग मऊ पडतो. काच चमकवायचे फवारेही नकोत, त्यांचा थर मागे राहतो.

१. शिरोरेषा जिथे यायला हवी तिथे, तिच्या वरच्या कडेला लागून, मास्किंग टेपची आडवी पट्टी स्पिरिट लेव्हलनं लावा. शिरोरेषेच्या वर जिथे मात्रा, वेलांटी किंवा रफार येतो तिथे पट्टीत खंड ठेवा. दोन टोकांना आणि मध्ये एखादा तुकडा असला तरी पुरतं. पेन्सिलची रेघ मॅट रंगावरून नीट जात नाही, म्हणून पट्टीच बरी. दाराची चौकट किंवा छत जवळ असेल आणि तेच तिरकं असेल, तर लेव्हल बाजूला ठेवून चौकटीला समांतर लावा. डोळा शेजारच्या रेषेशीच तुलना करतो.

२. कागद न काढता पूर्ण मजकूर जागेवर धरा, शिरोरेषा खुणेला जुळवा, डावी-उजवी अंतरं मोजा आणि वरच्या कोपऱ्यांना तात्पुरत्या पट्ट्या लावा. चार पावलं मागे जाऊन बघा.

३. मध्याजवळच्या दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर वरपासून खालपर्यंत मास्किंग टेपची उभी पट्टी लावा. ही बिजागरी. ती शब्दाच्या मधोमध आली तर शिरोरेषेवर घडी पडते, म्हणून मोकळी जागाच शोधा.

४. एका बाजूच्या कोपऱ्याची पट्टी सोडा, तो अर्धा भाग बिजागरीवर दुमडा, कागद बिजागरीपर्यंत सोलून कात्रीनं कापून टाका.

५. मोकळा भाग ताणून धरा, पण ओढू नका. बिजागरीपासून बाहेर जात आधी शिरोरेषा दाबा, मग तिच्यापासून खाली आणि वर. स्क्वीजी ४५ अंशांत, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढलेला. शिरोरेषा सरळ बसली की बाकीची अक्षरं आपोआप तिच्यामागे येतात. खालून सुरुवात केली तर सगळी चूक वर, सर्वात दिसणाऱ्या रेषेत जमा होते.

६. बिजागरी आणि खुणेच्या पट्ट्या काढा, दुसऱ्या अर्ध्याचं तसंच करा. मग पूर्ण मजकुरावर अंगठ्यानं दाब द्या, विशेषतः टोकांवर. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

७. ट्रान्सफर टेप कोपऱ्यातून, भिंतीला समांतर मागे दुमडत, तिरकी आणि सावकाश काढा. टिंब, रफार, उकाराचं टोक यांवर नजर ठेवा. उचललं की टेप परत बसवून तिथे घासा.

टेप निघाल्यावर सगळ्या कडा मऊ कपड्यावरून बोटानं पुन्हा दाबा. पकड पुढच्या एक ते तीन दिवसांत वाढत जाते. तोवर पुसू नका, हात लावू नका.

काच, टाइल, बाटली, लाकूड

काच आणि आरसा सर्वात सोपे. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या, लावा. मोठा आकार असेल तर काचेवर ओली पद्धत चालते: एक लीटर पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब, काचेवर हलका फवारा, मग अक्षर सरकवून जागेवर आणा आणि स्क्वीजीनं पाणी बाहेर काढा. टेप काढायला अर्धा तास किंवा जास्त थांबावं लागतं. ही पद्धत रंगवलेल्या भिंतीवर करू नका, आणि पाण्यावर आधारित गमाच्या व्हिनाईललाही नाही.

टाइलवर अक्षर सांध्यावरून जात असेल तर लावून झाल्यावर सांध्याच्या दोन्ही कडांना नव्या पात्यानं छेद देऊन मधली पट्टी काढा. तशीच पुलासारखी ठेवली तर तिच्याखाली पाणी शिरतं.

बाटली आणि मगसाठी कायमचा गम. खाली निमुळत्या भांड्यावर सरळ ओळ लावली की तिची टोकं वर किंवा खाली वळतात, कारण भांड्याचा पृष्ठभाग उलगडला तर तो कमानीसारखा असतो. ओळ छोटी ठेवा किंवा शब्दांमध्ये ट्रान्सफर टेपला कात्रीचे काप द्या, म्हणजे ती वळण घेते. ओठ लागतात त्या काठापासून दोन सेंमी खाली थांबा, तीन दिवस धुऊ नका, आणि नंतरही हातानंच धुवा.

कच्च्या लाकडाला व्हिनाईल धरत नाही. वॉर्निशचा किंवा रंगाचा हात देऊन, तो पक्का झाल्यावरच लावा. लाकडावर रंगवलेली अक्षरं हवी असतील तर व्हिनाईल स्टेन्सिल म्हणून वापरता येतं. यात रंग कडेखाली झिरपणं ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय: स्टेन्सिल लावल्यावर आधी फळीचाच रंग पुन्हा एक पातळ हात द्या. जो झिरपायचा तो फळीच्याच रंगात झिरपतो आणि कड बंद होते. मग अक्षराचा रंग दोन पातळ हातांत द्या आणि तो पूर्ण वाळण्याआधी स्टेन्सिल उचला.

पॉलिप्रोपिलीन, पॉलिइथिलीन अशा मेणचट प्लॅस्टिकवर, सिलिकॉनवर आणि नॉन-स्टिक थरावर साधं व्हिनाईल टिकत नाही. कापडाला लागतं ते उष्णतेनं चिकटणारं व्हिनाईल; तो प्रकारच वेगळा.

काय बिघडतं आणि का

पहिल्याच दिवशी टोकं उचलली तर भिंत अस्वच्छ किंवा डाग न धरणाऱ्या रंगाची आहे. आठवड्यानंतर सगळ्या कडा एकसारख्या सुटल्या तर रंग कच्चा होता. काही महिन्यांनी कडेला गमाची बारीक काळी रेघ दिसली तर व्हिनाईल आक्रसलं आहे. स्वस्त कॅलेंडर्ड माल उन्हाच्या खिडकीत असं करतो, कारण त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य निघून जातं. त्याला उपाय नाही, बदलावंच लागतं.

बुडबुडा आला तर त्याच्या मध्यात भोक पाडू नका. कडेला टाचणी तिरकी टोचून, समोरच्या बाजूकडून हवा ढकलत आणा. शिरोरेषेत सुरकुती पडली असेल तर ती दाबून सपाट होत नाही. हेअर ड्रायरनं थोडं गरम करून तेवढा भाग उचला आणि परत बसवा. जमलं नाही तर तो शब्द पुन्हा कापणं हेच कमी कष्टाचं. म्हणूनच मजकुराची फाइल जपून ठेवा आणि त्याच रोलचा हातभर तुकडाही, कारण दुसऱ्या रोलचा तोच रंग थोडा वेगळा निघू शकतो.

काढताना

हेअर ड्रायर १०-१५ सेंमीवरून फिरवत व्हिनाईल हाताला कोमट लागेपर्यंत गरम करा. फार गरम केलं तर गम व्हिनाईलला सोडून भिंतीवरच राहतो. कोपरा नखानं उचला (पातं भिंतीवर चालवू नका) आणि भिंतीला समांतर, मागे दुमडत, सावकाश ओढा. भिंतीपासून सरळ बाहेर ओढलं की रंगाचा पापुद्रा निघतो. जुनं, कडक झालेलं व्हिनाईल तुकड्यातुकड्यानं येतं. दर इंचाला पुन्हा गरम करावं लागतं.

भिंतीवर राहिलेला गम मास्किंग टेपच्या उलट्या गोळ्यानं टिपून काढा, उरलेला कोमट साबणाच्या पाण्यानं. काचेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा संत्र्याच्या सालीचं तेल असलेला क्लीनर चालतो. ॲक्रिलिकवर ॲसिटोन कधीही नाही, पृष्ठभाग विरघळून दुधाळ होतो. अक्षरं कित्येक वर्षं होती त्या जागी भिंतीचा मूळ रंग गडद राहिलेला दिसेल. ते डाग नाहीत, बाकीच्या भिंतीचा रंग उडालेला आहे. तेव्हा पुसत बसू नका, थेट रंगाचा हात द्या.